कांबळे वकिलांची उलटतपासणी

कांबळे वकील एसटी स्टँडवरच्या वजनकाट्यावर लागोपाठ दोनदा चढायचे. दोन तिकिटांवर दोन वजनं आली, की शेजारच्या अनोळखी माणसाला विचारायचे, "पावणं, ह्यातला खरा कांबळे कुठला?" पाव्हणा हळूच दुसऱ्या फलाटाकडं सरकायचा.

कॅल्क्युलेटरवरची बेरीज ते बोटांवर तपासायचे. "यंत्राला शपथ घालता येत न्हाय," हे त्यांचं पालुपद. वकिलांच्या बाररूममध्ये सगळे हसायचे. आम्हीही हसलो असतो, पण तेव्हा माझा थोरला भाऊ जेलमध्ये होता.

दादा कबनूरजवळच्या एका सूतगिरणीत रखवालदार. एका दुपारी स्टोअरमधली तांब्याची तार चोरीला गेली. स्टोअरच्या दाराला नवा कॉम्प्युटर जोडलेला. कार्ड लावलं की दार उघडायचं आणि वेळ नोंदली जायची. नोंद सापडली, दुपारी तीन, दादाचं कार्ड. दादा म्हणाला, मी सहाला ड्यूटीवर आलो तेव्हा कार्ड लावलं. आई म्हणाली, तीनला तो माझ्यासमोर झोपला होता. सरकारी वकील म्हणाले, आई खोटं बोलेल, कॉम्प्युटर कशाला बोलेल? शिक्षा झाली. जामीनही मिळेना.

अपील कांबळे वकिलांनी घेतलं. त्यांनी आईला एवढंच विचारलं, "त्या दुपारी लाईट गेलती काय?"

"गेलती की, गिरणीसकट सगळीकडं, चांगली तीन तास. पंखा बंद. मी पदरानं वारा घालत बसलेली."

वकिलांनी अर्ज करून ते यंत्रच कोल्हापूरला कोर्टात आणवलं. यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर साक्षीत म्हणाला, "आत बॅटरी आहे. लाईट गेली तरी घड्याळ चालतं."

"मग पिन काढा," वकील म्हणाले. मला मात्र हळूच म्हणाले, "मधी कुणी बॅटरी बदलली असंल, तर अवघड हाय."

यंत्राचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून बरोबर बारा वाजता पिन काढली. दादा पिंजऱ्याची कड धरून उभा. वकील कोटाचं बटण पिळत राहिले, ते शेवटी तुटून हातात आलं. बऱ्याच वेळानं जज्जसाहेबांनी मान हलवली. पिन लावली. पडदा काळाच राहिला. मग हिरवे आकडे उमटले. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा, यंत्रात बारा. आतली बॅटरी संपलेली, त्यामुळं लाईट गेली तिथंच ते थांबलं होतं.

जज्जसाहेबांनी स्वतःचं मनगटी घड्याळ काढून समोर ठेवलं. "परत एकदा."

दुसऱ्यांदाही तेच झालं. म्हणजे त्या दिवशी तीन तास लाईट गेल्यावर दादाचं सहाचं कार्ड यंत्रानं तीनला नोंदलं होतं. शिवाय लाईट नसताना ते दार नुसतं ढकललं तरी उघडतं, हे इंजिनिअरला कबूल करावं लागलं. दादा निर्दोष सुटला.

घरी आल्यावर मी विचारलं, "वकील दर रविवारी जेलात यायचे, केसचं काय एवढं विचारायचे?"

"केसचं काय न्हाय," दादा म्हणाला. "आज काय शिजवलं, मीठ जास्त पडलं, असलंच. बायको गेल्यापासनं एकटंच करून खात्यात. बोलायला कोण न्हाय घरात."

पुढच्या रविवारी वकील आमच्या दारात उभे. चपला काढाव्यात की नाही, ठरत नव्हतं. "हिकडं जरा काम हुतं," म्हणाले. हातात एकही कागद नव्हता.

आईनं ताट घेतलं. "आधी जेवा, वकीलसाहेब. काम काय, पुढच्या रविवारी बी करता ईल."