लालासाबाचं लक्ष कोणी पळवलं?

करवीर राज्यात शाहू महाराजांचा अंमल होता, आणि त्या अंमलात जे काही सुरळीत चाललं होतं त्यातलं निम्मं आपल्यामुळं चाललंय, असं आकारामाचं प्रामाणिक मत होतं. "नजर ससाण्याची, कान सशाचं, आन् डोकं... डोक्याला जोड अजून मिळाली न्हाय," असं तो स्वतःच सांगे. खरं तर तो कोंडवाड्याचा माजी शिपाई. पण दारावर पाटी होती, 'आकाराम, सरकारमान्य होऊ घातलेले गुप्तहेर.' आजवर त्यानं तीन हरवलेल्या शेळ्यांचा तपास केला होता. दोन आपल्या पायांनी घरी आल्या. तिसरी आलीच नाही, पण ती का येणार नाही हे त्यानं बिनचूक सांगितलं होतं.

हे सगळं टिपून ठेवायचं काम त्याच्या मेहुण्याकडं, केरबाकडं होतं. केरबा चार यत्ता शिकलेला. थोरल्या बहिणीचा शब्द मोडता येत नाही म्हणून बिचारा दाजींच्या मागं कागद-पेन्सिल घेऊन फिरायचा.

एका सकाळी इमामबी दारात आली ती डोळ्यांना पदर लावूनच. "आकाराम, माज्या लालासाबाचं लक्ष कोन तरी पळवतंय बग. परीक्षा पंधरा दिसांवर आली. पुस्तक उघडतोय आन् दुसऱ्या पानावर त्येचं ध्यान नाहीसं हुतंय."

प्रकरण साधं नव्हतं. कुलकर्ण्यांची वतनं जाऊन तलाठ्याच्या जागा सगळ्यांना खुल्या झाल्या होत्या, आणि पिंजाऱ्याचा लालासाब परीक्षेला बसणार होता. "कापूस पिंजता पिंजता खोकून मेला त्येचा बाप," इमामबी म्हणाली. "ह्येला त्या धुळीत बसवायचं न्हाय मला." केरबानं ते तसंच्या तसं टिपून घेतलं. दाजींनी मात्र मिशीला पीळ दिला आणि विचारलं, "लक्ष शेवटचं कुटं दिसलं हुतं?"

लालासाबाच्या खोलीत तालमीचे गुंडू वस्ताद आधीच हजर होते. पलीकडच्या गल्लीतलाही एक गडी परीक्षेला बसलाय हे कळल्यापासून वस्तादांनी लालासाबाला आपला पठ्ठ्याच करून टाकलं होतं. "डोकं बी शेवटी मांसच की! त्येला खुराक पायजे!" असं म्हणून त्यांनी गल्लीकडून खुराक बांधून घेतला होता. सकाळी शेरभर धारोष्ण दूध, न्याहारीला तुपातला शिरा, दुपारी बदाम-खसखशीची थंडाई आणि तिच्यावर पुन्हा दूध. लालासाब भिडस्त माणूस. गल्लीनं प्रेमानं दिलेल्या लोट्याला नको कसं म्हणायचं?

पहिल्या दिवशी दाजींना खिडकीखाली लिंबू सापडलं. "करणी! पलीकडच्या गल्लीची!" पाठोपाठ इमामबी आली आणि लोणच्याच्या टोपलीतनं घरंगळलेलं आपलं लिंबू उचलून घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी समोरची खिडकी संशयात आली. "हितं एखादी बाई असणार. तरण्याचं लक्ष दुसरीकडं जातंय कुटं?" दाजींनी भिंतीला चिकटून दोन तास पाळत ठेवली. खिडकीत एक पेन्शनर हवालदार येऊन दात कोरून गेले. तेवढ्यावरही दाजींनी संशय सोडला नाही, नुसता राखून ठेवला.

मग त्यांना दुधात विष असल्याचा वास आला. "केरबा, टिपून घे. गुप्तहेर जिवावर उदार हून दूध तपासतोय." अर्धा शेर दूध आणि तांब्याभर थंडाई त्यांनी तपासली. मग लालासाबासमोर मांडी घालून ते पाळतीला बसले. घटकाभरानं लालासाबाची मान खाली गेली, आणि लगोलग दाजींचीही. जागे झाल्यावर दाजी म्हणाले, "दुधात कायबी न्हाय. मी डोळं मिटून ध्यान लावलं हुतं."

दूध रोज तपासावं लागतं, असं त्यांनी ठरवलं. साहाय्यकाला खुराक नसतो, त्यामुळं केरबा तेवढा जागा राही. दोघांच्या घोरण्यात करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो लालासाबाचंच पुस्तक वाचत बसे. असे तपासाचे दहा दिवस पुरे झाले.

दारात म्हैस आणून धार काढून देणारी बयाबाई अकराव्या दिवशी दुपारी रिकामी चरवी न्यायला आली. आत दोन माणसं भिंतीला टेकून घोरत होती.

"ह्येस्नी काय झालं रं?"

"तपास चाललाय," केरबा म्हणाला.

"कसला?"

"लालासाबाचं लक्ष कुटं जातंय त्येचा."

बयाबाई हसता हसता खाली बसली. "आरं, रेडकाला चार बारी पाजलं तर ते उड्या मारतंय व्हय? पडतंय की! पैलवान हजार जोर काढून दूध पितोय. ह्यो बसल्या जागी पितोय, वर आनि खसखस! झोपंल न्हाय तर काय करंल?"

दाजी दचकून जागे झाले. "झोप न्हाय, समाधी!" पण त्यांच्या मिशीला साय लागलेली होती, त्यामुळं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. गुंडू वस्तादांना बोलावणं गेलं. लालासाब खाली मान घालून म्हणाला, "नको म्हटलं असतं तर तुमचा मान गेला असता, वस्ताद."

"मायला, मान गेला खड्ड्यात! आदी सांगायचं की!" वस्ताद ओरडले, आणि त्याच दिवसापासून खुराक बंद झाला.

भाकरी, ठेचा आणि ताक, एवढ्यावर लालासाब ताठ बसला. पण दिवस उरले होते चारच. तेव्हा पुस्तक पाठ झालेला एकच माणूस गल्लीत होता. केरबानं लालासाबाकडून जमिनीचे गुंठे, साऱ्याचा आकार, मोजणीची पैमाश, सगळं चार दिवसांत घोकून घेतलं.

निकाल लागला आणि लालासाब तलाठी झाला. इमामबीला वाचता येत नव्हतं. ती त्या कागदावरनं पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली आणि मोकळेपणी रडली. बाहेर दाजी जमलेल्या लोकांना म्हशीवर पहिल्यापासूनच आपला संशय कसा होता ते सांगत होते.

"केरबा, फुडल्या खेपंला तू बस रं परीक्षेला," इमामबी म्हणाली.

"त्येला कुटलं जमतंय, मावशी?" दाजी हसले. "दहा दिस माझ्याबरं पाळतीला हुता, एक धागा गावला न्हाय त्येला."

केरबानं त्याच आठवड्यात पुढच्या परीक्षेचा अर्ज दिला. दाजी शेजारच्याच खोलीत राहत होते. तरी त्यांना याचा सुगावा लागला तो तलाठ्याच्या नेमणुकीचा हुकूम आल्यावर, आणि तोही केरबानंच वाचून दाखवला म्हणून.