सहाव्या पातळीचे जंतू

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाण्याच्या नमुन्यात जंतू सापडले. साडेनऊला पाणीपुरवठा खात्याच्या तपासनिसाने 'आज पाणी उकळूनच प्या' हे शीर्षक खात्याच्या वेबसाइटवर चढवले, आणि ते फोनवर मुंगीएवढे दिसू लागले.

चूक कोणाचीच नव्हती. खात्याने नुकतीच नवी शीर्षकप्रणाली स्वीकारली होती. तिच्यात शीर्षकांच्या सहा पातळ्या होत्या आणि पडदा लहान झाला की अक्षरे आपोआप अंग चोरून घेत. कोणती पातळी कोणाला, हा प्रश्न खात्याने सेवाज्येष्ठतेने सोडवला होता. पहिली संचालकांना, सहावी तपासनिसाला. त्यामुळे पानाच्या माथ्यावर 'संचालकांचे मनोगत' होते आणि जंतू तळाशी.

तपासनीस धावत वेबसाइट समितीकडे गेला. समितीने सूचना बैठकीच्या खोलीतल्या भिंतभर पडद्यावर लावून पाहिली. अक्षरे वीतभर उंच होती.

"ढळढळीत दिसतंय की!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बाई, लोक फोनवर बघतात." त्याने आपला फोन पुढे केला.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "तुमचा फोनच लहान आहे हो."

"दुसरी पातळी द्या. फक्त आजच्या दिवस."

"आज जंतूंना दुसरी दिली, की उद्या गळतीवाले पहिली मागणार. मग साहेबांना काय शून्य देऊ?"

हशा पिकला. हसून घसे कोरडे पडले, तसे सदस्यांनी समोरचे ग्लास उचलले.

"अहो, ते नळाचं—"

"मध्ये बोलू नका. तुमचा विषय उपसमितीकडे गेला."

बाहेर येऊन त्याने घरी फोन लावला. "आई, पाणी उकळून घे. जंतू निघालेत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय! मीच तपासलंय."

"थांब, बघते." आईने वेबसाइट उघडली. "इथे तुमच्या साहेबांचं मनोगत आहे. छान लिहिलंय हो. उकळायचं काही दिसत नाही."

"अगदी खाली बघ. बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात ना? मग तेवढं काही नसणार. असतं तर मोठ्या अक्षरात लिहिलं नसतं का? तुला लहानपणापासून सवयच आहे, राईचा पर्वत करायची."

दुपारी चारपर्यंत ते पान एकवीस हजार लोकांनी उघडले. मनोगत आवडल्याचे चौदाशे जणांनी कळवले. तळापर्यंत नऊ जण पोहोचले, त्यांतला एक तपासनीस. विषय अजून उपसमितीपुढे आहे. आईने संध्याकाळसाठी बाटल्या भरून ठेवल्या आहेत.