दामूभाऊंचा दुसरा हात

आमचे शेजारी दामूभाऊ अनुमोदनाशिवाय चहासुद्धा पीत नाहीत. आमच्या ओट्यापाशी येऊन जाहीर करतात, "चहा व्हावा, असा ठराव मांडतो. अनुमोदन?" मी आतून "अनुमोदन!" म्हणून ओरडले की मगच टेकतात. लग्न का केलं नाहीत विचारलं तर म्हणतात, "सूचक मी होतो. पलीकडून अनुमोदन आलं नाही."

आमच्या उमेळ्यातल्या गटारासाठी, नळासाठी, खांबावरच्या दिव्यासाठी हा माणूस जन्मभर भांडला. ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंचाशी, महापालिका आल्यावर नगरसेवकांशी. निवडणुका रखडून नगरसेवकच नव्हते तेव्हा कार्यालयाच्या बंद दाराशीसुद्धा.

मी यात कशी सापडले ते ऐका. नवी सून होते आणि स्वतःला फार देखणी समजायचे. शाळेत ग्रामसभा म्हटल्यावर अबोलीचा गजरा माळून गेले, जशी काही सभा मलाच बघायला भरणार होती! दामूभाऊ तावातावाने बोलत होते. बावखलात, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणाऱ्या आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, कचरा टाकणाऱ्याला दंड करा म्हणून. टाकणारे समोरच बसलेले. "अनुमोदन?" सगळे छताकडे बघायला लागले. नेमका तेव्हाच माझा गजरा घसरला आणि तो सावरायला मी हात वर केला.

"वहिनींचं अनुमोदन!" दामूभाऊ गरजले. सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आमचा कचरा तिथेच जायचा ना!

तेव्हापासून मी "आमच्या अनुमोदक".

परवा त्याच शाळेत प्रभाग कार्यालयाचे साहेब आले. ते बावखल बुजवून पार्किंग करायचंय म्हणे. वाडीवाले, टॉवरवाले, सगळे हजर. पावसात दारात पाणी आलं की हेच लोक दामूभाऊंना फोन करतात. पण त्या दिवशी जो तो आपली गाडी कुठे लागेल ते बघत होता.

दामूभाऊ काठी टेकत उठले. "बावखल बुजवू नये, असा ठराव मांडतो. पावसाचं पाणी जाणार कुठे, साहेबांच्या खिशात? अनुमोदन?"

"अंकल, बसा ना यार, टाइमपास नको," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"एकट्याची हरकत कशी धरायची, काका?" साहेब म्हणाले. "दुसरं कोणी आहे का?"

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या नळासाठी हा माणूस उन्हातान्हात उभा राहिला, ते मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेले! दामूभाऊ तर माझ्याकडे बघतही नव्हते. मी दुखरा खांदा उचलला आणि हात वर केला.

"अनुमोदन! आणि हसणाऱ्यांनो, घरात पाणी शिरलं की साहेबांनाच हाका मारा. दामूभाऊंच्या दारात आलात तर झाडूने हाणीन एकेकाला!"

हशा थांबला. कोपऱ्यातून एक हात वर आला, मग आणखी दोन-चार. "जागेची पुन्हा पाहणी करू," असं पुटपुटत साहेबांनी फाइल मिटली.

येताना दामूभाऊ काठी टेकत माझ्यापुढे चालले होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "वहिनी, आज गजरा नव्हता."

मी थबकले. "म्हणजे तेव्हा तुम्हाला...?"

"दिसत होता की, घसरलेला." ते काठीच्या टोकाकडे बघत राहिले. "पण हात वर होता ना. दुसऱ्या कोणाचा नव्हता."

आणि ठराव न मांडताच ते ओट्यावर टेकले. मी चहाचं आधण ठेवलं.