नव्या पेठेतील एकवीस खड्ड्यांची हकीकत

श्रीभगवतीचे पायी मस्तक ठेवून लिहिणेस कारण ऐसे की, शके १८५६ भावनाम संवत्सरी रत्नागिरीस मांडवीचे वरले सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाचे माळावर, नवी पेठ वसली, आणि तीत विजेचे दिवे लावण्याची थोर मोहीम जाहली. तिची हकीकत पुढे मतलबी लोक उलटसुलट सांगतील, सबब आम्ही डोळां देखिली तैसी लिहितो.

वीज कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब काशीरामशेट यांणी ओवरसीयर गंगारामपंतांस हुकूम फर्माविला की, तारेचा नकाशा करावा, खांब रस्त्याचे उत्तर अंगास एका ओळीत यावे, आणि सातव्या खांबाचा उजेड आपले वाड्याचे दिंडीवर पडावा. पंतांनी दोरी धरिली, खुणा केल्या, मग वैशाखमासी बेलदारांनी सुरुंग लावून कातळात एकवीस खड्डे पाडिले, आणि खड्डे तयार जाहले तों खबर आली की, खांब मुंबईस पडून आहेत, बोटी बंद जाहल्या, आता नारळी पुनवेअगोदर दर्या वाट देत नाही.

रत्नागिरीकराची जात ऐसी की, कातळात आयता खड्डा दिसावा आणि त्यात हापूसचे कलम लावू नये, तर त्यास अन्न गोड लागत नाही. आषाढाची झड लागली आणि कोणी कोणास न सांगता खड्डे भरिले. रावसाहेबांनीही पाचवा व सहावा गुपचूप भरविला. सातवा नेमका दिंडीपुढे, तेथे झाडाची अडचण नको म्हणून सोडिला. तो समोरचे झोपडीतील यमुनाबाईने घेतला. बाई विधवा, हातभर जमीन नाही. तिने खालचे मळ्यातून अकरा टोपल्या माती डोईवर वाहिली. जन्मात तिचे नांवचे पहिले झाड ते.

भाद्रपदात लोखंडी खांबांची फौज बंदरी उतरली, बैलगाड्यांनी घाटी चढली, आणि पाहते तों एकवीस खड्ड्यांत एकवीस कलमे, तांबडी पालवी फुटून उभी! पंतांनी कपाळास हात लाविला. मसलत बसली. हुकूम सुटला की, झाडे उपटावी, आरंभ सातव्यापासून करावा, पाचव्या-सहाव्याचा विचार मागाहून करू. बळी तो कान पिळी, हे शास्त्र जुनेच. तरी आम्हांस वाईट वाटले, खोटे का लिहावे?

गडी कुदळी घेऊन गेले तों बाई कलमापुढे ठाण मांडून बसलेली. म्हणाली, "खड्डा तुमचा हाय, मी नाय म्हनत नाय. पन शेटचं पाचवं नि सहावं आदी उपटा, मंग माजं मी माज्या हातानं काडून देईन."

हे ऐकून तमाम पेठ बाईचे पाठीशी उभी राहिली, कारण ज्याचे त्याचे कलम खड्ड्यात होते. रावसाहेब आपले कलमांपाशी गेले, पाने मोजिली, आणि उपटावयास त्यांचेही मन होईना. मग तह ठरला तो ऐसा की, कोणाचे कलम उपटू नये, तार रस्त्याचे दक्षिण अंगास न्यावी, बेलदारांनी नवे एकवीस खड्डे पाडावे, आणि खड्डा पडताच खांब रोवावा, घटकाभरही मोकळा ठेवू नये.

कार्तिक शुद्ध पंचमीस समारंभ जाहला. पाहुणे आल्या बोटीने परतणार, सबब दिवे भर दुपारी लाविले. उन्हात काही दिसेना. तारवाला केरू सातव्या खांबावर चढला, दिव्यास बोट लावून भाजलो भाजलो म्हणून ओरडला, तेव्हा लोकांची खात्री पटून टाळ्या पडल्या.

सातवा खांब आता यमुनाबाईचे दारी आहे, आणि रावसाहेबांचे दिंडीपुढे बाईचे कलम. रोज सकाळी बाई घागर घेऊन रस्ता ओलांडते, आणि रावसाहेब बाजूस होऊन तिला वाट देतात.

येणेप्रमाणे रावसाहेबांची फत्ते जाहली, ऐसे कमिटीचे दप्तरी नमूद आहे.