आण्णांची रविवारची जुळवणी

आमच्या कसबा बावड्यात लोकांचं एका कॅलेंडरावर भागतं. आण्णा मगदुमांना चार लागायची. एक भिंतीवरचं, एक कॉम्प्युटरमधलं, एक छोट्या मोबाईलमधलं आणि एक लेकीनं पुण्याहून पाठवलेल्या मोठ्या मोबाईलमधलं. त्यात चारी जुळली पाहिजेत! एकात लग्न बाराला आणि दुसऱ्यात तेराला निघालं की ह्यांना चहा गोड लागायचा नाही.

साखर कारखान्यात हयातभर टाइमकीपर. लोकांच्या हजेऱ्या लिहून लिहून तोंडात एकच मंत्र बसलेला, "नोंद न्हाय, ते झालंच न्हाय." गॅसचा नंबर, नळाची वेळ, माझ्या पोरीची परीक्षा, समोरच्या पाटलांची म्हैस कधी विणार, सगळं चारी ठिकाणी. केस कापायचीसुद्धा नोंद.

साल दोन हजार सात-आठ असेल. गल्लीत कॉम्प्युटर कळणारा म्हणून माझी ख्याती, म्हणजे माझं नशीबच फुटकं. दर रविवारी दहाला आण्णांची हाक यायची, "सुहास, तारखा पुन्हा फिसकटल्या बघ." मी केबल जोडून बसायचो. दोन तारखा हमखास चुकलेल्या; तेवढ्या दुरुस्त करायच्या, बाकी नोंदी मी कधी वाचल्या नाहीत. शेजारी बसून आण्णा भजी पुढं सरकवत कारखान्याच्या गोष्टी सांगायचे. बाराला माझी सुटका. घरी गेलं की बायको म्हणायची, तिकडंच राहा की.

शेवटी माझं डोकं फिरलं. एका रविवारी मी त्यांचे दोन्ही मोबाईल आणि कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या एकाच कॅलेंडरला जोडून टाकले. चालतंय का बघायला माझाही मोबाईल जोडला.

"आण्णा, आता एका ठिकाणी बदललं की सगळीकडं बदलतंय. भिंतीवरचं तेवढं तुम्ही लिवा. मी यायची गरज न्हाय."

"बरं झालं की," आण्णा म्हणाले. आणि बशीत चार भजी शिल्लक असताना बशी उचलून आत गेले.

माझा मोबाईल त्यातून काढायचा मात्र राहिला. आठवडाभर ऑफिसात तो आण्णांच्या नळाच्या वेळेला ओरडत होता आणि साहेब माझ्याकडं डोळे वटारत होते. शनिवारी संध्याकाळी सहाला पुन्हा वाजला. वाचलं, 'दोन तारखा बिघडवणे. एक छोट्या मोबाईलात, एक मोठ्यात. दर शनिवारी.' त्याच्याच खाली रविवार, दहा वाजता, 'सुहास येणार. भजी. गोष्ट लांबवणे.'

असा राग आला म्हणून सांगू! वर्षभराचे माझे रविवार ह्या म्हाताऱ्यानं खाल्ले. आणि लबाडी करायची तर ती तरी गुपचूप करावी, तिचीही नोंद! त्यावर मला हसू फुटलं, आणि हसता हसताच ध्यानात आलं. आण्णांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून त्या घरात दुसरं माणूस आठवड्यातून दोनच तास बसत होतं. ते माणूस मी होतो, आणि मी घड्याळाकडं बघत बसायचो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दहाला हाक नसताना गेलो. आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत नुसते बसले होते.

"आण्णा, मीच घोळ घातलाय. हे इंटरनेटचं काय खरं न्हाय." मी सगळी जोडणी काढून टाकली. "आधीसारखं दर रविवारी बघायला लागतंय."

आण्णांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली. मग म्हणाले, "नोंद कर की मग."

मी माझ्या मोबाईलमध्ये लिहिलं, रविवार, दहा, आण्णा. चष्मा वर करून ते माझ्या खांद्यावरून बघत होते. 'दर आठवड्याला' वर बोट दाबलेलं त्यांनी नीट पाहिलं आणि मगच तेल तापवायला आत गेले.