सटवाईला न वाचता येणारं नाव

मी भित्री नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात साप निघाला तर आमचे मालक मला हाक मारतात आणि मी काठी घेऊन जाते (तोवर साप गेलेला असतो, ही गोष्ट वेगळी). शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. वाण्याच्या पुडीच्या कागदावरून अक्षरं शिकले, आणि आता गावात माझ्याशी वाद घालायचा तर माणसं आधी घरून पाणी पिऊन येतात. अशी मी राहीबाई, एका बारशापायी पाय पोटाशी घेऊन झोपायला लागले. नातवाला नाव ठेवायचं, एवढंच तर होतं.

चव्वेचाळीस साल. आमचं गाव आष्ट्याजवळ. माझा एकुलता एक सयाजी पलटणीत. रजेवर आला, परत बोटीत बसला, आणि मागं सुनेला, अंजनाला, दिवस राहिले. तिची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की या खेपेला पोरगा झाला तेव्हा घरात कुणी हसलं नाही. सगळी त्याच्या श्वासाकडं बघत बसली.

माझी थोरली नणंद धोंडुबाई तेवढी बोलत होती. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून माझ्या सासूनं तिचं नाव धोंडा ठेवलं. मरणाला वाटावं, हे घरालाच नको झालंय, आपण उचलून काय करायचं. बाई जगली. इतकी खणखणीत जगली की आता मरणच तिला बघून वाट बदलत असणार.

"राही, पोराचं नाव उकिरडा ठिव," ती म्हणाली.

"वन्सं, उकिरडा परड्यात हाय तेवढा पुरे."

"मग केरबा ठिव."

"माझा नातू काय झाडून टाकायचाय व्हय?"

"मग ठिव राजा न् महाराजा. आन बस रडत."

ती असं बोलली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. (भीती नव्हे. सकाळपासून जेवले नव्हते.) पण पाचवीच्या पूजेला पाट्यापुढं कोरा कागद आणि बोरू मांडताना मला अक्कल सुचली. सटवाई येणार, पोराच्या कपाळी लिहिणार, आणि मग कधीतरी त्या नावानं बोलावणं यायचं. बोलावायचं तर नाव वाचता यायला हवं. सटवाई काही शाळेत गेलेली नाही. माझ्यासारखीच आपली आपण शिकलेली, म्हणून तिच्या विद्येची हद्द मला बरोबर माहीत. तिला इंग्रजी येत नसणार.

इंग्रजी नाव घरात तयारच होतं. सयाजी रजेवर असताना उठता बसता एकाच दोस्ताचं नाव घ्यायचा. रॉबर्ट. आफ्रिकेतल्या डोंगरावर वरून गोळ्या येत असताना रॉबर्ट पुढं, सयाजी मागं. सयाजीच्या पायाला लागलं तेव्हा रॉबर्टनंच त्याला पाठीवर घेऊन खाली आणला. "आये, त्येच्या अंगाला एक गोळी शिवली न्हाई," असं म्हणून तो डोळे पुसायचा. मी मनात रॉबर्टचं चित्र काढून ठेवलं होतं. उंच, गोरापान, मिशीला पीळ. ज्याला मरण लढाईत शोधून सापडलं नाही, त्याचं नाव माझ्या नातवाला. ठरलं.

बाळाला सख्खी आत्या नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान धोंडुबाईचा. "मी असलं बोलायची न्हाई, जीभ बाटंल," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या. मी सांगते, आन आत्याचं लुगडंबी मीच नेसते."

लुगडं जातंय म्हटल्यावर तिनंच पाळण्यात वाकून कुर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. माझा जरा जोरात बसला. मग मी बाळाला मांडीवर घेऊन हा रॉबर्ट कोण, कुठला, हे नीट समजावून सांगत होते, तर त्यानं माझ्या हनुवटीवर लाथ मारली. पलटणीतला जोर आहे, मी सगळ्यांना सांगितलं.

घुगऱ्या घरोघर गेल्या आणि घुगऱ्यांबरोबर नावही गेलं. दिवेलागणीला आमच्या भावकीतले आप्पासो दारात हजर.

"वयनी, इंग्रजाचं नाव ठिवलं म्हनं."

"ठिवलं."

"पत्रीवाल्यांच्या कानावर गेलं म्हंजी?"

"जाऊ द्या."

"न्हाई, जाऊ द्या म्हनायला काय. पाय तुमचं हायती," असं म्हणून आप्पासो माझ्या पायांकडं शेवटचं बघावं तसं बघून गेले.

त्या दिवसांत आमच्या भागात सरकारं दोन होती. इंग्रजाचं दिसायचं. पत्रीवाल्यांचं दिसायचं नाही, पण सगळं ऐकायचं. इंग्रजाला मिळालेल्या माणसाच्या तळपायाला बैलाच्या खुरासारखी पत्री ठोकतात, असं लोक बोलायचे. मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर इतकी भ्याले नसते. (भ्याले नव्हतेच, पण समजा.) मालक मात्र त्या रात्रीपासून पायात जोडा घालून अंथरुणावर पडायला लागले.

"राम म्हनूया की गं," ते म्हणाले. "राम कुनालाबी चालतो."

"सटवाईलाबी चालतो. तिला पयलं त्येच वाचता येतं."

आता काय करायचं? रॉबर्ट म्हणावं तर पाय जातात, राम म्हणावं तर पोर जातं. अंजना भाकरी थापता थापता उठायची, बाळाच्या नाकाशी बोट धरायची आणि परत चुलीपुढं बसायची. एकदा मान खाली घालून मला म्हणाली, "आत्याबाई, ती मानसं आली तर माझं पाय म्होरं करा. पर नाव ऱ्हाऊ द्या."

तीनचार दिवसांनी, भर दुपारी, कुत्री भुंकायला लागली. दाराच्या फटीतून पाहिलं तर तिघं अनोळखी, खांद्यावर घोंगडी. मी बाळाला हाताला लागतील तेवढ्या गोधड्यांत गुंडाळून कणगीमागं ठेवलं, अंजनाला त्याच्यापाशी बसवलं. मालक माळ्यावर चढले. मी दार उघडलं.

"मावशे, बारसं झालं म्हनं घरात," त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला. दाढीचे खुंट वाढलेला, सयाजीच्याच वयाचा. त्याचं नाव कृष्णात, हे मागाहून कळलं.

"झालं."

"काय नाव ठिवलं?"

गावाला गप्प बसवणारी माझी जीभ ऐन वेळी फितूर झाली. "राम," मी म्हटलं.

आतून लगेच अंजनाचा आवाज आला, "आत्याबाई, पोर तापलंय."

धावत गेले. अंग तव्यासारखं, तोंड लालबुंद. मला सगळं कळलं. सटवाई उंबऱ्यावरच बसलेली, तिनं नाव ऐकलं होतं.

मी बाहेर आले, उंबऱ्यात फतकल मारली आणि दोन्ही तळपाय त्या तिघांसमोर धरले.

"मगा खोटं बोलले. नाव रॉबर्ट हाय. काय ठोकायचं त्ये ठोका, पर तुमीबी मोठ्यानं रॉबर्ट म्हना. तिला ऐकू जाऊ द्या."

तिघंही माझ्या तळपायांकडं बघत राहिले.

"मावशे," कृष्णात हळूच म्हणाला, "आमाला भाकरी पायजे हुती. बारशाच्या घरात काय उरलंसुरलं आसंल म्हनून आलो."

तेवढ्यात माळ्यावरून मालकांचा एक जोडा धप्पकन खाली पडला आणि तिघं दचकून उडाले. तेवढंच मला बरं वाटलं.

कृष्णातनं आत येऊन बाळ पाहिलं. "ह्येला ताप न्हाई. गोधड्या काढा की, उकडलंय त्ये." गोधड्या काढल्या, अंजनानं पदरानं वारा घातला, आणि लेकरू घटकेत निवलं. अंजना तेव्हा रडली. मीही डोळे पुसले (चुलीचा धूर).

भाकरी खाता खाता कृष्णातनं विचारलं, रॉबर्ट कोण. मी सांगितलं. सांगता सांगता रॉबर्टच्या पाठीवर सयाजीबरोबर आणखी दोन जखमी बसले, आणि शेवटी तर तो त्यांच्यासाठी आपल्याच साहेबाशी भांडला. एवढ्यात मांडीवरच्या बाळानं माझ्या पोटात लाथ घातली, म्हणून थांबावं लागलं.

"गोरा आसला तरी मानूस म्हनायचा," कृष्णात म्हणाला. "ह्या नावाला कुनी बोट लावायचं न्हाई." पुढं ऐकलं, की शेजारच्या गावात त्यानं रॉबर्टच्या माणुसकीवर भाषणही केलं, आणि बायका रडल्या.

शेहेचाळीस साली सयाजी घरी आला. पोर जगलं होतं, अंगणभर पळत होतं. सगळी जमली. धोंडुबाई आली, आणि रॉबर्टबद्दल खुद्द सयाजीच्या तोंडून ऐकायचं म्हणून कृष्णातही आला. बापाला बघून पोर बुजलं आणि येऊन माझ्या मांडीत बसलं.

"ह्यो तुझा रॉबर्ट," मी म्हटलं. "तुझ्या दोस्ताचं नाव ठिवलं."

सयाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "लय चांगलं केलंस, आये. पर रॉबर्ट मानूस हुता, आसं तुला कोन म्हनलं?"

"म्हंजी?"

"खेचर हुतं त्ये. आमच्या तुकडीचं वझं वाहायचं."

कृष्णातनं चहाचा कप खाली ठेवला आणि लांब उसाकडं बघत राहिला.

"म्हंजी जनावराचंच नाव झालं," धोंडुबाई म्हणाली. "मग माजा उकिरडा काय वंगाळ हुता? निदान एका जागी तरी ऱ्हातो."

"मला ठावं हुतं," मी म्हटलं. आणि सगळ्यांना समजावून सांगायला लागले, की मुद्दामच मी असं नाव निवडलं, जनावराचं नाव सटवाईला फसवायला अधिक चांगलं, शिवाय ते इंग्रजीत, म्हणजे दुहेरी बंदोबस्त, हे डोकं लावायला वाचन लागतं...

"लय गुनाचं खेचर, आये," सयाजी मधेच म्हणाला. "एकच खोड. कानाशी कुनी लय बडबडाय लागलं की..."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. माझ्या बरगडीत सणसणीत लाथ बसली.

"लागलं बाई नाव," धोंडुबाई म्हणाली.