डॉक्टोराच्या हाताला हात लावू नये

मी एकदा मनावर घेतलं ना, की जंतूसुद्धा दारातच चपला काढून उभे राहतात! हसू नका. लगुनाच्या तळ्याकाठी गावागणिक दातांचे दवाखाने आहेत, पण माझ्या दवाखान्याची फरशी बघून लोकांना तोंड उघडायची लाज वाटते. अशी मी, डॉक्टोरा मिलाग्रोस कातिंदिग! त्यामुळे आरोग्य कार्यालयातून फोन आला तेव्हा मी खुशाल हसले. पुढच्या महिन्यात तपासणी होणार म्हणे. एका पेशंटचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून काय काय करता ते बघणार, आणि ढिलाई दिसली तर दवाखान्याला टाळं!

"या की!" म्हटलं. फोन ठेवला आणि पुसलेली फरशी पुन्हा पुसायला घेतली.

कारण सांगते. दवाखाना खाली, घर वर. वर जेवणाचं मोठं टेबल, भोवती आठ खुर्च्या, आणि जेवायला मी एकटी. नवरा देवाघरी, मुलगी मारिबेल आयर्लंडला नर्स. बोलायला कुणी नाही म्हणून मी रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते! खाली मात्र दिवसभर जत्रा. शेजारची आलिंग बेबांग पुतोची, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या गोड केकची, टोपली घेऊन बाकावर ठाण मांडून बसते, ज्यांचे दात दुखतात ते येतात आणि ज्यांचे दुखत नाहीत तेही गप्पा मारायला येतात.

आणि मानो! येणारा प्रत्येक वयाने लहान माणूस "मानो पो" म्हणून माझा हात धरतो आणि कपाळाला टेकवतो. त्यात निम्म्या गावाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मीच उभी होते, त्यामुळे निम्मा गाव मला निनांग म्हणतो. किती कपाळं रोज या हाताला लागतात! तेलकट, घामेजलेली, तापाने कढत. वरच्या घरात मला कोण हात लावतंय? दवाखान्याला टाळं लागलं तर मला माणसाचा हात लागणार नाही. घ्या, सांगून टाकलं एकदाचं!

मग काय, मी कंबर कसली. मारिबेलला फोन लावला.

"आई, हातमोजे चढवले की पेशंटच्या तोंडाशिवाय कशालाही हात नाही. केसांना नाही, चष्म्याला नाही, फोनला नाही."

"आणि नाक खाजलं तर?"

"खाजू द्यायचं. चुकून कशाला हात लागलाच, तर मोजे काढायचे, हात धुवायचे, नवे घालायचे."

"बरं. तू कधी येतेस?"

"रजा बघते गं. हत्यारं बंद पाकिटातच वाफवतेस ना?"

रजा ती कधीपासून बघतेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाक बाहेर काढला. त्या जागी खुर्च्या मांडल्या, एक इथे तर एक पार तिथे! जुनी मासिकं गेली, पुतोची टोपली फाटकाबाहेर गेली. आलिंग बेबांग ऐंशीची आहे. तिने मला परकरात बघितलंय, ती कशाला ऐकून घेईल?

"डॉक्टोरा, माझे पुतो खाऊन आजवर कुणी आजारी पडलंय?"

"आलिंग बेबांग, जंतू दिसत नाहीत हो."

"मग तुला बरे दिसले!"

टोपली उचलून ती तरातरा निघून गेली. मी मास्क बांधला, अंगरखा चढवला, तोंडापुढे प्लास्टिकचा पडदा लावला. आरशात बघितलं तर समोर वेल्डिंग करणारी बाई! पहिलाच पोरगा मला बघून जो पळाला, तो दात दुखायचा थांबला असं ओरडतच घरी गेला.

मग आला आर्नेल. आर्नेल माझा धर्मपुत्र, पोलीस आहे, रेड्यासारखा दांडगा आणि सुईला घाबरतो. मी हातमोजे चढवले, पाकीट फोडून हत्यारं मांडली, "आ कर" म्हटलं. तोच हा खुर्चीतून उठला, माझा हात पकडला आणि कपाळाला टेकवला.

"मानो पो, निनांग! मघाशी राहिलंच!"

मोज्यावर डोक्याचं तेल! मोजे काढले, हात धुतले, नवे घातले. वळते तो दारात आर्नेलची बायको. "मानो पो, निनांग!" पुन्हा मोजे. मग त्याची पोरं आली, एकामागून एक. एकाच्या कपाळाला आइस्क्रीम होतं, ते तिथे कसं गेलं देव जाणे. मोज्यांचं खोकं रिकामं होत चाललं आणि आर्नेल तोंड उघडं ठेवून वाट बघतोय. शेवटी तो पुन्हा उठायला लागला.

"चुकलं निनांग, तुम्हाला त्रास झाला, थांबा, हात द्या..."

"हात लावू नकोस!" मी किंचाळले आणि दोन्ही हात वर केले.

आता चित्र बघा. समोर गणवेशातला पोलीस, कमरेला पिस्तूल. त्याच्यापुढे मी, हात वर करून! आणि नेमका त्याच वेळी ट्रायसिकलची रिक्षा चालवणारा ओबेत खिडकीवरून गेला.

दुपारपर्यंत गावात बातमी, डॉक्टोराला पोलिसांनी पकडलं! संध्याकाळी आर्नेल सांगून सांगून थकला की पकडलं नाही, ती फक्त म्हणाली हात लावू नकोस. झालं! मग लोकांनी डोकं चालवलं. हात लावू देत नाही, तोंड झाकते, खुर्च्या लांब लांब मांडल्या, बेबांगला हाकललं. म्हणजे डॉक्टोराला काहीतरी भयंकर झालंय, आणि ते लागतं!

सकाळी दवाखाना उघडला तर चिटपाखरू नाही. फाटकाला मात्र डबे टांगलेले! आल्याची पेज, कोंबडीचं सूप, उकडलेली अंडी. डबा टांगायचा आणि धूम ठोकायची, असा कार्यक्रम चालला होता. मी फाटकाशी जाऊन ओरडले, "मी ठणठणीत आहे!" मास्कमधून काय ऐकू जाणार? पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अरेरे, आवाजसुद्धा गेला बिचारीचा."

फादर एमोंग मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल घेऊन आले आणि रस्त्याच्या पलीकडूनच म्हणाले, "डॉक्टोरा, मन शांत ठेवा!"

"फादर, माझं मन शांतच आहे, तुमची दाढ किडलीय तिचं बघा!"

ते छातीवर क्रूसाची खूण करून झपाझप निघून गेले. त्या दिवशी इतकं जेवण होतं, की आठही खुर्च्या पोटभर जेवल्या असत्या. मी चार घास खाल्ले आणि बाकीचं झाकून ठेवलं.

मग मारिबेलचा फोन. ती रडत होती.

"आई, तुला काय झालंय? गावच्या ग्रुपवर तुझ्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना चालू आहे! मी येऊ का? मी आजच तिकीट बघते!"

मंडळी, खोटं कशाला बोलू? जिभेवर आलं होतं. हो बाळा, मी आजारी आहे, ये. एवढंच म्हणायचं होतं. लेक समोरच्या खुर्चीत येऊन बसली असती.

"काही झालं नाही गं. मोज्यांमुळे गैरसमज झालाय," मी म्हटलं.

"हुश्श!" ती हसली. "मग आता घाई नको. रजा पुढच्या वर्षी बघते."

तपासणीचा दिवस उजाडला. मिस तोलेंतिनो नावाची चुणचुणीत पोरगी आली, मारिबेलच्याच वयाची. वाफेचं यंत्र बघितलं, पाकिटांवरच्या पट्टीचा रंग वाफेने बदललाय का ते बघितलं, सुया टाकायचा डबा बघितला. मान डोलवत होती. मी हवेत!

"फारच छान, डॉक्टोरा. आता एक पेशंट तपासून दाखवा. हात कसे धुता, मोजे कसे बदलता, ते बघितल्याशिवाय मला होकार देता येत नाही."

पेशंट! कुठून आणू? मी तशीच, अंगरख्यात आणि पडद्यात, रस्त्यावर धावले.

"कुणाचा दात दुखतोय का हो? फुकट बघते!"

ओबेतने ट्रायसिकल जागच्या जागी वळवली. धडाधड खिडक्या लागल्या. दाढ धरून बसलेला एक माणूस मला बघून चक्क शीळ घालायला लागला. मी रस्त्याच्या मधोमध उभी. संपलं म्हटलं सगळं.

"मी येते," मागून आवाज आला. आलिंग बेबांग! "माझी सगळी वर्षं जगून झालीत. मरायचंच तर तुझ्या हातून मरते. चल."

खुर्चीत बसली, आ केला. तोंडात औषधालाही दात नाही!

"तपासायचं काय?" मिस तोलेंतिनोने विचारलं.

"कवळी टोचते," आलिंग बेबांग ठसक्यात म्हणाली आणि ती खिशातून काढून माझ्यापुढे धरली.

मी हात धुतले, नवे मोजे चढवले. सगळं बिनचूक! आणि आलिंग बेबांगने सवयीने, जसा रोज सकाळी देते तसा, दुसरा हात पुढे केला. मोठी बाई हात देतेय म्हटल्यावर माझा हात काय मला विचारतो? घेतला आणि कपाळाला टेकवला. टक्! प्लास्टिकवर आपटला. ना तिचा हात कळला, ना माझं कपाळ.

"हातमोजे, डॉक्टोरा," मिस तोलेंतिनो हळूच म्हणाली.

मी काढले, धुतले, नवे घातले. हिरडी बघितली, कवळी घासून दिली.

"चूक लगेच सुधारलीत. मंजूर!" ती म्हणाली.

मी उडी मारायचीच बाकी होती! आलिंग बेबांग जिवंत बाहेर येते का ते बघायला फाटकाशी गाव जमला होता. ती आली, लोकांनी टाळ्या पिटल्या. मिस तोलेंतिनोने तिथेच भाषण ठोकलं.

"डॉक्टोराला काहीही झालेलं नाही! त्या तुम्हाला जपताहेत. तुम्हीही नियम पाळा. दवाखान्यात डॉक्टोराच्या हाताला हात लावू नये. नमस्कार लांबून!"

"हो!" गाव एका सुरात म्हणाला. आमचा गाव कधी काही ऐकत नाही हो. हे मात्र ऐकलं!

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना पुन्हा भरला. फादर एमोंग दाढ घेऊन आले. माणसं इथे एक, तिथे एक बसतात आणि लांबूनच ओरडून गप्पा मारतात. संध्याकाळी शेवटचा पेशंट आर्नेल. त्याची दाढ भरली, मोजे काढून टाकले, हात स्वच्छ धुतले, पुसले. तो दाराशी पोचला, मागे बायको, पोरं. मी कोरडा, मोकळा हात पुढे केला.

आर्नेलने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"अंहं, निनांग! नियम म्हणजे नियम!" आणि खाडकन सलाम ठोकला. मागे पोरांनीही ठोकला.

"शाब्बास!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शिकवलं कुणी!

पण पुढे केलेला हात तसाच मागे घ्यायचा म्हणजे बरं दिसत नाही हो. मग मीही सलाम ठोकला.